नाव टाकणारे मावसाजी

आमच्या मावसाजींनी जन्मात जितक्या माणसांची नावं लिहिली, तितकी खुद्द चित्रगुप्तानेही लिहिली नसतील. आणि लिहिली असली तरी एकेका नावासाठी त्याने इतके प्रश्न नक्कीच विचारले नसतील. मावसाजी म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. खामगावच्या मेन रोडवर त्यांचं भांड्यांचं दुकान. पण स्वतःला ते दुकानदार समजतच नाहीत. त्यांच्या मते भांडी काय, कोणीही विकतं. ते भांड्यांवर नाव टाकतात. दुकानाच्या दाराशी एक बुटका पाट, पाटावर मांडी घालून मावसाजी, मांडीवर कोणाची तरी परात नाहीतर पाण्याचा गुंड, आणि हातात विजेवर चालणारं ते मशीन, दिसायला पेनासारखं आणि आवाजाला दाताच्या डॉक्टरकडच्यासारखं. हे दृश्य मी चालायला लागलो तेव्हापासून पाहत आलोय. तिकडे सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत ज्या ज्या घरी लग्न झालं आणि आहेरात पितळ-स्टील गेलं, त्या घरच्या भांड्याच्या गळ्याशी मावसाजींचं बारीक, तिरकं, शेवटच्या अक्षराला शेपटी काढलेलं नाव हमखास सापडतं.

आता नाव टाकायला किती वेळ लागावा? दुसरीकडे पाच मिनिटं लागतात. मावसाजींकडे अर्धा दिवस. संग्रामपूरकडचा एखादा गडी घाईघाईत येऊन म्हणायचा, "बहिणीच्या पोरीचं लग्न हाय काका, एक तांब्या द्या अन् नाव टाकून द्या." झालं. मावसाजी मशीन खाली ठेवायचे. "पोरीचं नाव? तिच्या बापाचं? घर कोन्या आळीले? पोरगं काय करते? नोकरी हाय म्हनता, पर्मनंट हाय का?" तो बिचारा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत म्हणायचा, "काका, माही एष्टी जाईन." त्यावर मावसाजींचं उत्तर ठरलेलं, "एष्टी दुसरी येते. नाव एकदाच पडते. पितळेवर खोडरबर चालत नाही बाप्पा." मग मुलीचं, नवरदेवाचं, देणाऱ्याचं, देणाऱ्याच्या गावाचं नाव, तालुका आणि 'लग्नाप्रीत्यर्थ सप्रेम भेट' असा सगळा मजकूर त्या तांब्याच्या गळ्याभोवती फिरायचा. गडी दुपारच्या गाडीने जायचा ठरवून यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने जायचा, पण जाताना मावशीच्या हातचा चहा पिऊन आणि मावसाजींना लग्नाचं तोंडी आमंत्रण देऊन जायचा. चमच्याच्या दांडीवर त्यांनी एकदा नवरा, बायको आणि सासऱ्याचं पूर्ण नाव बसवलं होतं. ते वाचायला भिंग लागतं, पण आहे.

माणसाचा चेहरा मावसाजींच्या लक्षात राहत नाही. माणूस भांड्यावरून लक्षात राहतो. मी शाळेत मास्तर झालो तेव्हा एकदा म्हटलं, "मावसाजी, आमच्या शाळेतले पाटील सर तुम्हाला नमस्कार सांगत होते." मावसाजींनी डोळे मिटून विचार केला आणि विचारलं, "कोनते पाटील? कड्या असलेल्या परातीचे का बिनकड्याच्या?" मला काय माहीत? सरांना विचारलं तर सरांनाही सांगता येईना. त्यांनी बायकोला विचारलं, तिने माळ्यावरून परात उतरवली. कड्या होत्या. मी तसं कळवल्यावर मावसाजींचा चेहरा उजळला. "मंग त्याले म्हना, आईच्या गुडघ्याचं कसं हाय आता?"

याच्यामुळे त्यांना कोणाकडे घेऊन जाणं म्हणजे डोक्याला ताप. पाण्याचा गिलास हातात आला की माणूस पाणी पितो. मावसाजी आधी गिलास फिरवून नाव वाचतात. आमच्या मुख्याध्यापकांच्या मुलीला कुंकू लावायचा, म्हणजे लग्न पक्कं करायचा कार्यक्रम होता. पाहुणे मंडळी बसलेली, नवरदेवाचा बाप मिशीवर हात फिरवतोय, आणि मावसाजी भर बैठकीत म्हणाले, "हा गिलास तुमचा नोहे. हा सोनाळ्याचा हाय." कुठल्याशा पंगतीत वीस वर्षांपूर्वी गिलासाची अदलाबदल झालेली असणार, त्यात चोरी ती काय? पण मुख्याध्यापकांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. मावसाजींनी शांतपणे पाणी संपवलं, गिलास रुमालाने पुसला, पिशवीत टाकला आणि पुढच्या आठवड्यात एष्टीने सोनाळ्याला जाऊन ज्याचा त्याला देऊन आले. मुख्याध्यापक माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. बरं, सोनाळ्याच्या लोकांना तो गिलास हरवल्याचा पत्ताच नव्हता. त्यांनी मावसाजींना जेवू घातलं, आणि जेवताना यांनी त्यांच्याही घरची सगळी भांडी वाचून काढली.

या सोनाळ्याशी माझा संबंध पुढे जरा जास्तच घट्ट झाला, आणि त्यालाही मावसाजींचं नाव टाकणंच कारण. आमच्याकडे कुंकू लागलं की लग्न झालंच असं धरून चालायची पद्धत. माझं पहिल्यांदा जमलं तेव्हा मी एका विनाअनुदानित शाळेत बिनपगारी मास्तर होतो. मुलगी चिखलीकडची, नाव संगीता. कुंकू लागलं त्या संध्याकाळीच मावसाजींनी दुकानातली उत्तमातली उत्तम भांडी काढली आणि पाण्याच्या हंड्यापासून दूध तापवायच्या गंजापर्यंत सगळ्यांवर 'चि. संजय व चि. सौ. कां. संगीता' असं कोरून टाकलं, खाली लग्नाची तिथीसुद्धा. आणि पंधरा दिवसांत लग्न मोडलं. मुलीकडच्यांना पगारी मास्तर सापडला. घरात सगळे माझं सांत्वन करत होते. मावसाजी एकटेच भांड्यांसमोर बसून होते. मी जवळ गेलो तसे म्हणाले, "तुह्यं काय बे, तुले दुसरी भेटन. या हंड्याले कोन भेटन?"

आणि मग त्यांनी जी मोहीम काढली तिला तोड नाही. संजय हातात होताच, आता फक्त संगीता पाहिजे होती. "संगीता नावाच्या पोरी या जिल्ह्यात धुऱ्याधुऱ्यावर सापडतात," असं म्हणत त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाकडे चौकशी सुरू केली. उंची नाही विचारली, शिक्षण नाही विचारलं, पत्रिका तर बाजूलाच. सोनाळ्याच्या त्या गिलासवाल्यांच्या पुतणीचं नाव संगीता निघालं. मुलगी बघायला गेलो तेव्हा सगळे मुलीकडे बघत होते आणि मावसाजी माझ्या कानात विचारत होते, "शाळेच्या दाखल्यावरबी संगीताच हाय ना? का घरी हाक मारायचं नाव हाय?" लग्न झालं. चांगलं झालं. आज आमच्या संसाराला दोन तपांहून जास्त काळ लोटला. पण लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी बायको हंडा घासता घासता थांबली आणि तिने मला हाक मारली. आमचं लग्न वैशाखातलं, हंड्यावर मार्गशीर्ष. मावसाजी नेमके चहाला आलेले, ते म्हणाले, "पोरी, मी अॅडव्हान्स टाकतो. गर्दी असते सीझनले." त्या दिवशी तिने ऐकून घेतलं. नंतर खरं कळलं तेव्हा भांडली ती माझ्याशी, त्यांच्याशी नाही. त्यांना ती अजूनही पहिलं ताट वाढते.

अशा या माणसाच्या डोळ्यांदेखत मेन रोड बदलत गेला. शेजारच्या शिंप्याच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकली. समोरच्या कापडदुकानातली गादी गेली, तिथे सरकती पायरी आली आणि खेड्यावरच्या बाया ती पायरी चढायला म्हणून येऊ लागल्या. ते सगळं मावसाजींनी सोसलं. पण लग्नपत्रिकांवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापून येऊ लागलं, ते मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं. अशी पत्रिका आली की ते ती हातात धरून त्या घरी जायचे आणि विचारायचे, "हे कोनं लिव्हलं? तुमच्या घरी पानी वंजळीनं पेतात का?" लोक हसून सांगायचे, अहो, भांडी खूप होतात, पाकीट दिलं की सुटसुटीत. मावसाजी म्हणायचे, "पाकिटावरचं नाव पाकीट फाडेपर्यंत." आणि चिवडा न खाता निघून यायचे. मावसाजी चिवडा सोडतात याचा अर्थ ज्याला कळतो त्याला कळतो.

घरोघरी मग फोनवरून भांडी मागवणं सुरू झालं. आम्ही त्यातून सुटलो असं नाही. पण आम्ही लपवत होतो. बायकोने तो न चिकटणारा काळा तवा मागवला तेव्हा मावसाजी येणार म्हटलं की तो गव्हाच्या कोठीत जायचा. एक दिवस राहिला बाहेर. "हे काय काळं?" बायको म्हणाली, "तवा आहे मावसाजी, त्याला काही चिकटत नाही." "नावबी नाही चिकटत का?" असं म्हणून त्यांनी तवा पिशवीत घातला. खरं तर दुसरीकडून घेतलेल्या भांड्यावर नाव टाकायचं नाही असा त्यांचा कडक नियम. "लोकाच्या लेकराचं बारसं मी काऊन करू?" पण घरची गोष्ट वेगळी. दुसऱ्या दिवशी तवा परत आला, त्यावर माझं पूर्ण नाव, तेही खाली नाही, वर, बरोबर मध्यभागी, ठळक. तेव्हापासून आमच्या तव्याला धिरडं चिकटतं ते फक्त माझ्या नावापाशी. उरलेलं सुटून येतं. बायको म्हणते, हे बरोबरच आहे.

दुकानात मात्र महिना महिना परात हलेना. मावसाजींचा मुलगा प्रशांत, माझा मावसभाऊ, चार वर्षं गप्प बसून पाहत होता. एक दिवस त्याने मला बोलावून सांगितलं की तो दुकान बदलतोय. काचेची, चिनी मातीची भांडी, डिनर सेट, भेटवस्तू, थंडगार एसी. "अन् मावसाजी?" मी विचारलं. "बाबा बसतील ना काउंटरवर. दुकान त्यांचंच हाय दादा. पन ते मशीन कसं चालू देऊ? ट्रायल म्हनून चालवलं तं कप नाचाले लागले शेल्फावर." पोरगं वाईट नाही. त्याचे डोळेही लाल होते. पण त्याचा नाइलाज मावसाजींना पटवून सांगणार कोण? मावसाजींनी एकच वाक्य उत्तर दिलं. "मशीन नाही तं मी नाही. नवरदेव घरी ठेवून घोडं मांडवात नेते का कोनी?" आणि पाट, मशीन घेऊन ते घरी येऊन बसले.

त्यानंतर मावशीचे फोन सुरू झाले. पहिला फोन आला तेव्हा मावसाजींनी घरातली सगळी भांडी संपवली होती. दुसऱ्या फोनला चाळणी, उलथणं आणि लोखंडी कपाट झालं होतं. तिसरा फोन आला, "संजू, तू ये बाप्पा. आज सांडशीवर माह्यं नाव टाकलं त्याह्यनं, अन् गॅसच्या शेगडीवर तुह्या मावसभावाचं. या घरात चोर आला तं तोई वाचत बसन." मी हसलो. मावशी नाही हसली. म्हणाली, "दोन दिवस झाले, मशीनलेबी हात नाही लावला. भाकर अर्धी खाते. मेन रोडवरून जात नाही, मांगच्या गल्लीनं जाते. मले भेव वाटून राह्यलं रे. दुकानात नाही बसला तं हा मानूस राह्यत नाही." नोकरीसाठी मी आता बुलढाण्याला राहत होतो, त्याच दुपारी तिथून एष्टीत बसलो. आयुष्यभर या माणसाची थट्टा केली, पण मावशीचं ते वाक्य वाटेत काही केल्या कानातून जाईना.

मावसाजींना मी सगळ्या तऱ्हांनी समजावून पाहिलं. काळ बदलतो म्हटलं, ते म्हणाले बदलू दे. प्रशांतचा विचार करा म्हटलं, तर म्हणाले, त्याचाच विचार करून घरी आलो, नाहीतर भांडलो असतो. मी हरलो. शेवटी मावशीने आतून सांगितलं, "उद्या मुहूर्त हाय. नारळ तं बापानंच फोडाव." मावसाजींनी धुतलेलं धोतर काढायला सांगितलं आणि मला बजावलं, "नारळ फोडतो अन् येतो. तू स्कूटर चालूच ठेव."

दुसऱ्या दिवशी नव्या दुकानासमोर पायताणं काढून आत जाणारे मावसाजी एकटेच होते. बाकी सगळे बुटांसकट आत. मी प्रशांतची स्कूटर बाहेर उभी करून काचेला नाक लावून उभा राहिलो, मग राहवेना म्हणून आत आलो. नारळ फुटला. पेढे वाटले. मावसाजींनी एक कप उचलला आणि सवयीने उलटा करून वाचला. "हे कोनाचं नाव? पोराचं का पोरीचं?" प्रशांत म्हणाला, "कंपनीचं हाय बाबा." मावसाजींनी कप ठेवला. "घेनाऱ्याचं नाही, इकनाऱ्याचं नाव," एवढंच म्हणाले आणि दाराकडे वळले.

तेवढ्यात एक मुलगी आली. कॉलेजातली असावी. मैत्रिणीच्या लग्नासाठी डिनर सेट पाहिजे होता. सेट पसंत पडला, खोक्यात गेला, आणि ती म्हणाली, "यावर नाव टाकून मिळेल का?" प्रशांत म्हणाला, "काचेवर नाव नाही पडत ताई. कार्ड लावून देतो." त्याने फुलंफुलांचं कार्ड आणि पेन काढलं. आणि कार्ड मुलीपुढे न धरता त्याने, का कोण जाणे, दाराशी थांबलेल्या बापापुढे धरलं. मावसाजींनी कार्डाकडे पाहिलं. मुलीकडे पाहिलं. आणि तिथल्या गुबगुबीत खुर्चीवर मांडी घालून बसले. "मैत्रिणीचं नाव सांग. बापाचं? कोन्या गावची? पोरगं काय करते?" मुलगी आधी गोंधळली, मग समोरच्या स्टुलावर बसली आणि सांगू लागली. मैत्रीण धाड गावची. मुलगा बँकेत. होय काका, पर्मनंट.

मावसाजी लिहू लागले. चौथीनंतर त्यांनी कागदावर फारसं लिहिलेलं नाही. सगळं लिहिणं धातूवर, त्यामुळे पेन असं दाबलं की अक्षर कार्डाच्या मागे उमटलं. पण अक्षर तेच, बारीक, तिरकं, शेपटीवालं. लिहून झालं आणि त्यांनी कार्डावर फुंकर मारली, मग अंगठा फिरवला. पितळेवर नाव टाकलं की चुरा असाच उडवतात, अंगठ्याने असाच पुसून पाहतात. पन्नास वर्षांची सवय ती. ओली शाई पसरली, नवरी-नवरदेव दोन्ही निळे झाले. मुलगी म्हणाली, "असू द्या काका." मावसाजी म्हणाले, "असू द्या कसं? दुसरं दे रे." दुसरं कार्ड लिहिलं. पुन्हा फुंकर, पुन्हा अंगठा. मावसाजी आपल्या निळ्या अंगठ्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा इतका लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता. वाटलं, आता उठतील आणि पुन्हा कधी येणार नाहीत.

प्रशांत काउंटरच्या मागून बाहेर आला. तिसरं कार्ड त्याने बापापुढे ठेवलं आणि खुर्चीशेजारी खाली बसला. मावसाजींनी पुन्हा सगळं लिहिलं, गाव, तालुका, सगळं. शेवटच्या अक्षराला शेपटी काढली, फुंकर मारली, आणि अंगठा उचलला तसा प्रशांतने तो हलकेच आपल्या मुठीत धरला. "थांबा बाबा, वाळू द्या." मावसाजी थांबले. एसीत शाई वाळायला कितीसा वेळ लागतो? केव्हाच वाळली होती. पण त्याने अंगठा सोडला नाही आणि यांनी ओढूनही घेतला नाही. दुसरं एक जोडपं कपबशा बघत बघत जवळ आलं, तेव्हा मावसाजी हात तसाच ठेवून त्यांना विचारत होते, "तुम्ही कोन्या गावचे?" ते जोडपं काय म्हणालं ते मी ऐकलं नाही. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा नीट दिसतही नव्हतं.